अठरा तासांच्या आधीचे बाबासाहेब

दरवर्षी ७ नोव्हेंबरला इगतपुरीत आमच्या विहाराशेजारच्या अभ्यासिकेत मुलांची भाषणे होतात. १९०० साली याच तारखेला लहानग्या भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीत दाखल झाले. २०१७ पासून राज्य शासनही हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. भाषणे बहुतेक एकाच साच्याची असतात. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, आपणही करू या, जयभीम, टाळ्या.

मागच्या खेपेला टाळ्या चालू असताना मागच्या रांगेतली एक मुलगी उठून बाहेर गेली. बीकॉमच्या पहिल्या वर्षाला आहे, रोज गाडीने नाशिकला जाते. घरात कॉलेजचे तोंड पाहिलेली ती पहिलीच. पहिल्या सत्रात तिचे दोन विषय राहिले होते. दोन दिवसांनी बोलती झाली. पहाटे उठून पाणी भरायचे, डबा करायचा, गाडी गाठायची, संध्याकाळी परत येऊन पुन्हा चूल. तिच्याने दिवसाला दीड तासही धड होत नाही. अठरा तासांच्या भाषणाला टाळ्या वाजवताना आपण खोटे वागतोय असे तिला वाटले. बाबासाहेबांचे नाव घ्यायचा आपल्याला अधिकार नाही, असेही ती म्हणाली.

आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. आम्ही समाजकार्यातले, शिकलो समाजशास्त्र, आणि अभ्यासिकेच्या भिंतीवर १८ तास असे ठळक निळ्या रंगात लिहून घेणारेही आम्हीच. मग आम्ही धनंजय कीर आणि चांगदेव खैरमोडे यांची चरित्रे पुन्हा काढली. या वेळी शोध एकाच गोष्टीचा होता. तासांचा हिशेब बाजूला ठेवला आणि हा विद्यार्थी अभ्यास कसा करत होता, ते पाहिले. महामानवाच्या मोठेपणावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. आम्ही इथे त्यांचे विद्यार्थीपण सांगतो आहोत.

सुरुवात साताऱ्यापासून करावी लागते. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत जन्मलेला, सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांचा हा चौदावा मुलगा. आई लहानपणीच गेली. मीराआत्याने सांभाळले. साताऱ्याच्या शाळेत त्याला घरून आणलेल्या तरटावर वेगळे बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे, आणि शिपाई नसला की पाणी नाही. हे सगळे आपल्याला तोंडपाठ आहे. भाषणांत एक गोष्ट मात्र येत नाही. त्या दिवसांत या मुलाचे अभ्यासात फारसे लक्ष नव्हते. बागकाम करावे, शेळ्यांमागे हिंडावे, शाळेचे पुस्तक शेवटी. हुशार होता, पण हुशारी एका जागी बसत नव्हती.

त्यात वडिलांनी दुसरे लग्न केले. आपल्या आईचे दागिने दुसऱ्या बाईच्या अंगावर दिसणे त्या पोराला सोसेना. वडिलांच्या जिवावर जगायचे नाही, असे त्याने ठरवले. साताऱ्याची मुले मुंबईला जाऊन गिरणीत लागतात, हे त्याने ऐकले होते. आपणही जायचे. पण गाडीभाडे कुठून आणायचे? आत्या कमरेला पैशांची छोटी पिशवी खोचून झोपायची. पोराने ती पळवायचा बेत केला. तीन रात्री जमले नाही, चौथ्या रात्री पिशवी हाती आली. उघडून पाहिली तर आत अवघा अर्धा आणा. अर्ध्या आण्यात मुंबई कुठली!

त्या रात्रीची त्याची लाज पुढे बाबासाहेबांनी स्वतःच सांगितली, म्हणून आपल्याला ही हकीकत माहीत आहे. त्यानंतर त्याने ठरवले की मन लावून शिकायचे, भराभर परीक्षा पास व्हायच्या आणि आपल्या पायावर उभे राहायचे. कोणत्याही व्याख्यानातून किंवा आदर्शातून ही ओढ आलेली नव्हती. घरातला राग, चोरीची शरम आणि सुटकेची इच्छा, एवढाच ऐवज होता. आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांना का शिकायचे असे विचारले, तर पुष्कळदा असलीच उत्तरे येतात. बापाची दारू, मालकाचा ओरडा, लग्नाची घाई. हे हेतू हलके आहेत असे आम्हालाही कधीतरी वाटून गेले होते. अर्ध्या आण्याची गोष्ट पुन्हा वाचल्यावर तसे म्हणवत नाही.

पण नुसते ठरवून भागले असते का? १९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. तीच स्वयंपाकाची, तीच निजायची, तीच अभ्यासाची. धूर, लाकडे, भांडी, जाते, जवळच बांधलेली शेळी. वरून चाळीचा गोंगाट. अशा खोलीत दिवसा पुस्तक उघडणे म्हणजे थट्टाच. इथे रामजीबाबांनी जे केले ते आम्हाला या साऱ्या चरित्रात फार मोलाचे वाटते. त्यांनी मुलाला लवकर झोपवायला सुरुवात केली. स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, दोनला त्याला उठवायचे आणि मग आपण त्या जागी आडवे व्हायचे. चाळ निजलेली, खोली थोडीफार मोकळी, मिणमिणता दिवा. पहाटेपर्यंत मुलगा वाचत बसे.

हे नीट बघा. जागा नव्हती तर वेळ बदलली. झोपेला जागा अपुरी होती तर झोपही पाळीपाळीने घेतली. मुलाचा निश्चय पक्का होता हे खरेच, पण त्याला दोनला उठवणारा माणूस जागा होता. आमच्या गावाला ही गोष्ट वेगळी समजावून द्यायला नको. कसाऱ्याचा घाट चढताना गाडीला मागून बँकर इंजिन लावतात. ते इगतपुरीपर्यंत रेटत आणते आणि वर आल्यावर सुटे होते. गाडीचे स्वतःचे इंजिन पुढे असतेच, तरी घाट एकट्याने चढता येत नाही. रामजीबाबा हे भीमरावाचे मागचे इंजिन होते.

त्यांनी आणखीही केले. हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांची भाषांतरमाला मुलाकडून घोटवून घेतली. शाळेबाहेरची पुस्तके हवीत असा हट्ट मुलाने धरला की हे गृहस्थ टोपी घालून लेकींच्या दारी जात. धाकटीकडे पैसे नसले तर थोरलीकडे. तिच्या अंगावरचा एखादा दागिना मागून घ्यायचा, सावकाराकडे गहाण टाकायचा, पुस्तक आणायचे, आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत द्यायचा. त्या बहिणींची नावे भाषणांत येत नाहीत. भीमरावाची पुस्तके त्यांच्या दागिन्यांवर आली.

एल्फिन्स्टन हायस्कूल सरकारी आणि नामांकित. तिथेही फळ्यावर गणित सोडवायला बोलावले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून वर्गातली पोरे ते उचलायला धावली. संस्कृत घ्यायची इच्छा होती, शिकवायला नकार मिळाला, म्हणून फारसी घ्यावी लागली. संस्कृत पुढे त्यांनी आपल्या हिमतीवर शिकून घेतले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. गुण मध्यमच होते. पण अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणे हीच तेव्हा केवढी नवलाई, म्हणून सत्यशोधक विचारांचे सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली.

त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुस्कर होते. विल्सन हायस्कुलातले शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी ते वाचत बसायचे, आणि शाळा सुटल्यावर भीमरावही तिथेच पुस्तक घेऊन यायचा. घरी जागा नाही म्हणून बाग. केळुस्करांनी त्याची चौकशी केली, काय वाचावे हे सांगू लागले, स्वतःकडची पुस्तके देऊ लागले. सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. १९५६ च्या धम्मदीक्षेकडे जाणारी वाट या पुस्तकापासून सुरू होते, हे बौद्ध वाचकाला सांगायला नको. आम्हाला इथे दुसरेच दिसते. मुलगा बागेत जाऊन बसला, ही त्याची स्वतःची तजवीज. बागेत कोणी विचारणारा भेटला, हे त्याचे भाग्य. आणि विचारल्यावर त्याने संकोच न करता मदत घेतली. आमची निम्मी मुले इथेच अडतात. अडले तरी विचारत नाहीत, आपले अज्ञान उघडे पडेल या भीतीने.

केळुस्करांच्या खटपटीने महाराज सयाजीराव गायकवाडांकडून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण निभावले. प्राध्यापक म्युलर पुस्तके आणि कपडेही देत. कॉलेजच्या उपाहारगृहाचा मालक मात्र चहा सोडा, पाणीही देत नसे. १९१२ साली बी.ए. झाले. या निकालातही डोळे दिपावेत असे काही नव्हते. आम्ही हे पुन्हा सांगतो, कारण मार्कशीट पाहून स्वतःची किंमत ठरवणाऱ्या मुलांना ते कळायला हवे. एकविसाव्या वर्षापर्यंत या विद्यार्थ्याच्या गुणांवरून पुढे काय होणार याचा अंदाज कुणालाही बांधता आला नसता.

१९१३ च्या सुरुवातीला ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. निघाले, वाटेत वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा रामजीबाबा अखेरच्या घटका मोजत होते. फेब्रुवारी १९१३ ची ही गोष्ट. रात्री दोनला उठवणारे माणूस गेले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला उतरले. बडोदा सरकारशी जूनमध्ये करार झाला होता. तीन वर्षे महिना साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे नोकरी.

कोलंबिया विद्यापीठातली तीन वर्षे म्हणजेच ते प्रसिद्ध अठरा तास. त्यांची विभागणी पाहण्यासारखी आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन भाषांचे प्राथमिक अभ्यासक्रम एकेक. एकूण ६०. अर्थशास्त्र हा कणा, बाकीचे त्याभोवती. समोर दिसेल ते वाचत सुटलेल्या माणसाची ही यादी नव्हे. मुदत तीन वर्षांची, पैसे मोजके, आणि शिष्यवृत्ती एकदा संपली की पुन्हा मिळेल याची खात्री नाही. तेवढ्यात काय काय पदरात पाडून घ्यायचे, हे ठरवून केलेली निवड त्यात दिसते. शिक्षकही कसे! सेलिग्मन, जॉन ड्युई, गिडिंग्ज, रॉबिन्सन. संशोधन करायचे तर कोणती पद्धत वापरू, असे त्यांनी सेलिग्मन यांना विचारले होते. मनापासून काम करत राहा, तुझी पद्धत तुला सापडेल, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. विद्यार्थ्याने पद्धतीबद्दल विचारावे, हेच आम्हाला मोठे वाटते. आमच्याकडे मुले महत्त्वाचे प्रश्न कोणते एवढेच विचारतात, आणि तसे विचारायला त्यांना शिकवणारेही आपणच आहोत.

१९१५ साली एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. त्याच वर्षी जूनमध्ये पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. सिनेमा, सहली, शहर पाहणे बाजूला ठेवले होते. जेवणही मोजूनमापून, कारण त्याच पैशातून घरी पाठवायचे होते. जुन्या पुस्तकांच्या दुकानांवर मात्र हात सैल सुटायचा. सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी तिथे जमवली. हे आम्हाला आवडते. माणूस सगळ्याच बाबतीत शिस्तीचा नव्हता.

इथे थोडे आमच्या विषयाचे बोलतो. विद्यार्थी यशस्वी का होतात यावर जगात पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यात दोन शब्द सतत येतात, प्रेरणा आणि स्व-नियमन. प्रेरणा म्हणजे का शिकायचे, किती ओढ आहे, आपल्याला जमेल असा भरवसा आहे का. स्व-नियमन म्हणजे ती ओढ रोजच्या दिवसात कशी बसवायची. न्यूयॉर्कमध्येच काम केलेले बॅरी झिमरमन यांनी त्याचे तीन टप्पे मांडले. आधी आखणी, काम करताना स्वतःवर लक्ष, आणि नंतर काय जमले काय चुकले याची पडताळणी, जी पुढच्या आखणीत उतरते. १९९० साली पिंट्रिच आणि डी ग्रूट या अमेरिकन संशोधकांनी सातवीच्या १७३ मुलांचा अभ्यास केला. ज्यांना विषयाची ओढ जास्त होती ती मुले अभ्यासाच्या युक्त्या आणि स्व-नियमनही जास्त वापरत होती. पण गुणांशी थेट नाते दिसले ते स्व-नियमनाचे. निव्वळ ओढीचे तसे थेट नाते दिसले नाही. पुढे २०१२ मध्ये रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठीय विद्यार्थ्यांवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून पाहिले. त्यात हा विषय मला जमेल, एवढे गुण मी मिळवीन, हा ठोस भरवसा गुणांशी सर्वांत जवळ आढळला.

आमच्या वस्त्यांत ओढीची कमतरता नाही. भिंतींवर बाबासाहेबांचे फोटो आहेत, जयंतीला रात्र जागवली जाते, पोरांच्या डोळ्यांत पाणी येते. कमी पडते ती त्या ओढीला वाट करून देणारी घडी. आणि अठरा तासांचा आकडा जमेल हा भरवसा वाढवतो की घालवतो, हे त्या मुलीने आम्हाला सांगितलेच होते.

पुन्हा चरित्राकडे येऊ. ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही. वर्ष पुरे व्हायच्या आत शिष्यवृत्तीची मुदत संपली. कुणाही विद्यार्थ्याचे इथे संपते. आमच्या भागातल्या किती मुलांचे शिक्षण असेच मध्ये तुटले आणि पुन्हा जोडले गेले नाही, त्याची यादी आमच्या वहीत आहे. बाबासाहेबांनी निघण्यापूर्वी एक काम केले. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची विद्यापीठाची परवानगी पदरात पाडून घेतली. हा कागद होता म्हणून पुढचे सारे घडले. आवेशात कोणी अर्ज करत नाही, त्यासाठी थंड डोके लागते.

परतीचे सामान वेगळ्या जहाजाने निघाले होते. महायुद्ध चालू होते. ते जहाज पाणतीराने बुडाले आणि त्याबरोबर कित्येक पुस्तके आणि लिखाणही गेले. नुकसानभरपाईचे ६०० रुपये मिळाले, ते करार पाळण्यासाठी बडोद्याला जाण्यात खर्ची पडले. बडोद्यात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. राहायला जागा नाही, पारशी वसतिगृहात नाव लपवून राहणे, लाठ्या घेऊन आलेला जमाव, कचेरीत टेबलावर लांबून फेकलेल्या फायली. जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकलेला माणूस झाडाखाली बसून रडला. स्व-नियमनाचा धडा शिकवणाऱ्या पुस्तकांत या प्रसंगाला रकाना नाही. अभ्यासाची सवय, वेळेचे नियोजन, सगळे असूनही समाज एका दिवसात माणसाला रस्त्यावर आणू शकतो. म्हणून आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी, नापास होणाऱ्या मुलामुलींच्या इच्छाशक्तीवर सगळा भार टाकणाऱ्यांशी भांडत असतो.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. त्यांचे तास ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतून विद्यार्थी येत, आणि प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी पिऊ नये म्हणून काही सहकारी कुरकुरत. एवढा पगार त्या काळात मोठाच. पण राहणे परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत. रमाईंना घरखर्चाला ठरावीक रक्कम द्यायची, बाकी शिल्लक टाकायची. लंडनची चार वर्षांची मुदत डोक्यात पक्की होती. १९२० च्या जानेवारीत मूकनायक सुरू केले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, लोक हाकेला ओ देऊ लागले होते. चळवळ नुकती उभी राहत असताना जुलैमध्ये त्यांनी बोट धरली. साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्यावर. चळवळ सोडून शिकायला गेले असे त्यांच्याबद्दल कोणी म्हणाले नसेल का? म्हणाले असेल. आजही एमपीएससीच्या तयारीसाठी मोर्चाला न आलेल्या पोराला आपल्यातलेच चार जण टोमणे मारतात.

लंडनमधले दिवस सर्वांत कठीण. सकाळी घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा आणि कपभर बोव्हरिल. मग पायी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात. उघडायच्या वेळी दारात हजर, बंद करताना पहारेकऱ्याने उठवायचे, टिपणांनी खिसे फुगलेले. दुपारचे जेवण जवळजवळ नाहीच. रात्री पुन्हा वाचन. भूक अनावर झाली की मुंबईच्या ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे. खोलीत सोबत राहणारे अस्नाडेकर रात्री जाग आली की पाहत, तर हे वाचतच बसलेले. किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर, जिथे ते १९२१-२२ मध्ये राहिले, आज महाराष्ट्र शासनाने स्मारक केले आहे. तिथे जाऊन आलेले लोक फोटो टाकतात. पापडाचा पत्रा तिथे ठेवला आहे की नाही, कुणी सांगत नाही.

इकडे रमाई मुंबईत काटकसरीत दिवस काढत होत्या. घरात मुले आजारी पडत, लहान वयात गेलीही. अठरा तासांच्या आकड्यात हे तास कोणी धरत नाही. एक माणूस अठरा तास वाचतो तेव्हा त्याच्या वाट्याचे दुसरे काम कोणीतरी करत असते. नाशिकला जाणाऱ्या आमच्या मुलीच्या घरी ते काम तिच्याच वाट्याला आहे.

जून १९२१ मध्ये एम.एससी. झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एससी.चा प्रबंध विद्यापीठाला दिला आणि पुढच्या अभ्यासासाठी जर्मनीत बॉनला गेले. मार्च १९२३ मध्ये मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी लंडनला बोलावून घेतले. परीक्षकांना प्रबंध मान्य नव्हता. ब्रिटिशांच्या चलननीतीवरची टीका त्यांना झोंबली होती. पुन्हा लिहा, असा निर्णय झाला. पैसे संपत आले होते. बाबासाहेब एप्रिलमध्ये मुंबईला परतले, चाळीत बसून प्रबंध नव्याने लिहिला आणि ऑगस्टमध्ये पाठवला. मांडणी बदलली, निष्कर्ष तेच ठेवले. नोव्हेंबरमध्ये पदवी मिळाली आणि डिसेंबरमध्ये ग्रंथ छापून आला. कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात आपले मतभेदही नोंदवले. परीक्षकाने परत पाठवलेल्या कागदातले काय बदलायचे आणि काय नाही, हा निवाडा झिमरमन यांच्या तिसऱ्या टप्प्यात बसतो. आम्ही तो मुलांना याच उदाहरणाने शिकवू लागलो आहोत. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून दिल्यावर १९२७ मध्ये हातात पडली, प्रबंध सादर केल्यापासून अकरा वर्षांनी.

पुढे त्यांनी दुसऱ्यांच्या शिक्षणासाठी काय उभारले, त्यावरून त्यांना स्वतःला काय कमी पडले होते ते कळते. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या सुरुवातीला सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. मुलाला आधी निजायला जागा, वाचायला दिवा आणि दोन वेळचे जेवण. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ कॉलेज. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथले वर्ग सकाळी भरत. विद्यार्थ्याने कॉलेजच्या वेळेला जुळवून घ्यावे असे न म्हणता त्यांनी कॉलेजची वेळ विद्यार्थ्याला जुळवली. डबक चाळीत रामजीबाबांनी एका मुलासाठी केले, तेच इथे हजारोंसाठी झाले.

आमच्या गावात धम्मगिरी आहे. १९७६ पासून जगभरातून लोक विपश्यनेला येतात. पहाटे चारला घंटा होते, मोबाईल पहिल्याच दिवशी जमा होतात, जेवण आयते समोर येते, बोलणे बंद. दहा दिवस लोक जी शिस्त पाळतात ती घरी परतल्यावर आठवडाभर टिकली तरी पुष्कळ, असे तेच सांगतात. शिस्त माणसात असते तशी जागेतही असते, हे गावात समोर दिसत असून आम्ही अभ्यासिकेत मात्र नुसता आकडा रंगवून बसलो होतो.

धम्मपदाचा दुसरा वग्ग अप्पमादाचा आहे. अप्पमाद म्हणजे सावधपण, गाफील न राहणे. किती तास, हे तो विचारत नाही.

तो आकडा आम्ही जानेवारीत पुसला. त्या मुलीच्या आईशी तीनदा बोललो. सकाळचे पाणी आता भाऊ भरतो, कुरकुरत का होईना. नाशिकच्या गाडीत जातायेता मिळून दोन तास जातात. खिडकीची जागा मिळो न मिळो, कॉस्टिंगच्या व्याख्या आणि सूत्रे चिठ्ठ्यांवर लिहून ती उभ्यानेच पाठ करते. गणिते रात्री आठ ते साडेनऊ अभ्यासिकेत, शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका बसतात. रविवारी ती वहीत लिहिते, काय ठरवले होते, काय झाले, कशाने राहिले. पहिल्या तीन आठवड्यांत कशाने राहिले हाच रकाना भरलेला होता. राहिलेल्या दोन विषयांपैकी एक उन्हाळ्यात सुटला. दुसऱ्याची परीक्षा आता आहे.

भिंतीवर निळ्या रंगाचा पुसट डाग अजून दिसतो. त्यावर सध्या इगतपुरीहून नाशिकला जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक चिकटवले आहे, आणि त्याखाली कोणाचा कोणता पेपर किती तारखेला आहे त्याची यादी.